मास्तरांच्या हाताखाली झोपणारं मशीन

सोमवारी सकाळी मास्तर कटिंगच्या टेबलाशी आल्या, तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहून आलं होतं : ‘अपडेट पूर्ण झाले. आम्ही तुमच्यासाठी काही सुधारणा केल्या आहेत.’ मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते वाक्य दोनदा वाचलं. न विचारता कुणी सुधारणा करायला आलं की त्यांचं डोकं फिरायचं. आयुष्यभर असे सुधारक त्यांच्या वाटेला बरेच आले होते.

या सुधारणेचं फळ तासाभरातच हातात पडलं. मास्तर नर्सच्या युनिफॉर्मची बाही आखत होत्या आणि समोरचा मोठा पडदा एकदम काळा झाला. मागे प्लॉटर, म्हणजे कापायच्या कपड्याचा कागदी नमुना, पॅटर्न, छापणारं ते दीड माणूस लांबीचं मशीन, अर्धी रेघ टाकून थांबलं. पडद्याला जोडलेला लॅपटॉप झोपला होता. त्यांनी बटण दाबून त्याला उठवलं, पासवर्ड टाकला, परत बाहीवर आल्या. दहा मिनिटांनी गडी पुन्हा आडवा. संध्याकाळपर्यंत तो अकरा वेळा झोपला आणि टेबलाखालची टोपली अर्धवट छापलेल्या कागदांनी भरून गेली.

मास्तर म्हणजे बाई, हे आताच सांगून टाकलेलं बरं. वय एकसष्ट, उंची बेताची, आवाज उंचीच्या दुप्पट. हा युनिफॉर्म शिवायचा कारखाना. नर्सचे, अग्निशमनवाल्यांचे, बसच्या ड्रायव्हरांचे कपडे इथे तयार होतात. बावीस शिलाई मशिनं, एक इस्त्रीची खोली आणि मधोमध कटिंगचं लांब टेबल. मास्तर सतराव्या वर्षी इथे आल्या त्या काज-बटणाच्या टेबलावर. ते टेबल तेव्हा संडासाच्या दाराशी होतं आणि वर एकच मिणमिणता दिवा. सहा वर्षं त्यांनी तिथे बटणं लावली. मोठ्या कात्रीला हात लावायची बायकांना बंदी होती, कारण त्या वेळच्या कटिंग मास्तरांचं ठाम मत होतं की बाईच्या मनगटात तेवढा जोर नसतो.

एकदा ते जुने मास्तर तापाने पडले आणि आगवाल्यांच्या चाळीस कोटांचं कापड टेबलावर तसंच राहिलं. सगळे जेवायला गेले असताना या बटणवालीने कुणालाही न विचारता कात्री उचलली आणि संध्याकाळपर्यंत कोट कापून ठेवले. बरे होऊन आल्यावर जुन्या मास्तरांनी अर्धा तास एकेक तुकडा उलटापालटा करून चूक शोधली. सापडली नाही. मग महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि ती टेबलापासून हलली नाही. पुढे ते गेले, टेबल तिच्याकडे आलं आणि टेबलाबरोबर नावही आलं. काही जणांनी ‘मास्तरीणबाई’ म्हणून पाहिलं, पण त्या नावाला ती ओ देईना. तेव्हापासून त्या मास्तर.

आठ वर्षांपूर्वी पॅटर्न कॉम्प्युटरवर काढायचे ठरलं, तेव्हा मास्तर त्रेपन्न वर्षांच्या होत्या. ‘आता यांचं कसं होणार’ म्हणून सगळ्यांनी आधीच हळहळून घेतलं होतं. मास्तरांनी एक लांब वही आणली आणि शिकवायला आलेली मुलगी बोलेल तो शब्द टिपून घेतला. कुठलं बटण, कुठली खूण, काय केलं की काय होतं. तीन महिन्यांनी त्या मुलीला अडलं की ती मास्तरांची वही मागायची. लॅपटॉप टेबलावर त्यांच्या डाव्या हाताला उघडा असायचा, त्याचा स्वतःचा पडदा बंद ठेवलेला. काम चालायचं समोरच्या मोठ्या पडद्यावर. डावा हात लॅपटॉपच्या कळांवर, उजवा माउसवर. आठ वर्षं हे गाडं सुरळीत चाललं होतं.

मंगळवारी कॉम्प्युटरवाला आला. पस्तिशीचा, पाठीवर पिशवी, बोलायला गोड.

“काय मावशी, काय त्रास देतोय हा?”

“मावशी आईच्या बहिणीला म्हणतात. इथे मला सगळे मास्तर म्हणतात.”

तो हसून खुर्चीत बसला. झोपायची वेळ ‘कधीच नाही’ अशी केली. मास्तरांनी ती सोमवारीच केली होती, तसं त्यांनी सांगितलंही, पण त्याने पुन्हा केली. बॅटरी तपासली, मशीन दोनदा बंद-चालू केलं. चाळीस मिनिटं तो तिथे बसून होता आणि लॅपटॉपने एकदाही डोळा मिटला नाही. “चालतोय की मस्त!” म्हणत तो उठला. मास्तर बसल्या. त्याचा चहा संपायच्या आत पडदा काळा.

मग त्याने मशीनची नोंदवही उघडली. मशीन कधी झोपलं, कशामुळे झोपलं, हे ते स्वतःच लिहून ठेवत असतं. कालपासूनच्या सगळ्या झोपांपुढे एकच कारण होतं : ‘बटण किंवा झाकण.’

“हे बघा,” कॉम्प्युटरवाला म्हणाला, “झाकण तर उघडंच आहे. म्हणजे राहिलं बटण. तुमच्याकडून बटण दाबलं जातंय.”

“माझ्याकडून काही होत नाही. मी बटण दाबत नाही.”

“मुद्दाम नाही हो. हात लागत असेल. वय झालं की बोटं जरा...” आणि त्याने हवेत स्वतःची बोटं थरथरवून दाखवली.

बावीस मशिनं एकदम थांबली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “नाचता येईना, अंगण वाकडं.” दोन-चार जण खुदकन हसले.

मास्तरांनी कापडाचा एक रद्दी तुकडा टेबलावर पसरला, मोठी कात्री घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, न आखता, एका दमात कापत नेलं. मग कापलेल्या कडेला लोखंडी पट्टी लावली. कड आणि पट्टी यांच्यात केस जायला जागा नव्हती.

“दाखव, कुठे थरथरली.”

कॉम्प्युटरवाला ओशाळला, पण मागे हटला नाही. “कटिंग वेगळं, मास्तर. कॉम्प्युटर वेगळं,” असं म्हणून त्याने कागदावर लिहिलं : ‘मशीनमध्ये दोष नाही.’ तो कागद मालकीणबाईंकडे गेला.

मालकीणबाई म्हणजे थोरल्या मालकांची लेक. लहानपणी शाळा सुटली की ती याच कटिंगच्या टेबलाखाली, कापडाच्या गठ्ठ्यावर झोपायची. चारचौघांत मास्तर तिला मालकीणबाई म्हणत, एकट्यात बेबी. बुधवारी दुपारी तिने मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मास्तर काय ते समजल्या.

“शुक्रवारी हॉस्पिटलवाले येणार आहेत. दोनशे बारा नर्सच्या मापांचे पॅटर्न तयार हवेत,” मालकीणबाई म्हणाली. “मी बाहेरच्या एका पॅटर्नवाल्यांशी बोलले आहे. उद्या संध्याकाळपर्यंत मशीन नीट चाललं नाही, तर सगळं काम त्यांना देईन. यापुढचंही.”

“आणि मी?”

मालकीणबाईने खाली बघितलं. बोलताना तिचा आवाज मऊ झाला, आणि तोच मास्तरांना जास्त लागला. “तुम्ही आता काही करू नका, मास्तर. खूप केलंत. काज-बटणाचं टेबल आता खिडकीशी आहे, उजेड छान येतो. तिथे नुसत्या बसा, नव्या मुलींवर लक्ष ठेवा.”

मास्तर संतापल्या.

“त्या टेबलावरून उठायला मला सहा वर्षं लागली, बेबी. तिथे परत बसायला मी येणार नाही. घरी जाईन एक वेळ, पण तिथे बसणार नाही. आणि ऐक, मी बटण दाबत नाही.”

“मशीनच सांगतंय ना तसं.”

“मशीनने बघितलं असेल, तर मी त्यालाच विचारते.”

मास्तरांच्या घरी धाकटी बहीण होती. दोघी एकत्र राहायच्या. बहीण शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीवर निकाल द्यायची सवय. मास्तरांनी चपला काढता काढताच सगळं रामायण सांगितलं.

“सोड ना आता हट्ट,” बहीण म्हणाली. “कुणी तुला घालवत नाहीये. आराम कर म्हणतायत.”

“तुझ्या शाळेत एखादं पोरगं ‘मी नाही केलं, मी नाही केलं’ म्हणून रडायला लागलं, तर तू काय करायचीस?”

“आधी त्याचे खिसे तपासायचे.”

“म्हणजे विश्वास नाहीच ठेवायचीस!”

“ठेवायची की. खिसे तपासल्यावर.”

मास्तर चिडून जेवायला बसल्या.

गुरुवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. रागाचा जोर ओसरला होता आणि डोकं चालायला लागलं होतं. कोट अंगावर ओढला जात असेल तर कोटाशी भांडून उपयोग नसतो, हे चाळीस वर्षांच्या फिटिंगने त्यांना शिकवलं होतं. एकेक शिवण उसवायची आणि कुठली सोडली की ताण जातो ते बघायचं. इथे शिवणी दोनच होत्या, बटण आणि झाकण. कॉम्प्युटरवाल्याने एकीला हातही न लावता दुसरीवर ठपका ठेवला होता.

मास्तरांनी बोटातलं अंगुस्तान काढलं. सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी. ती त्यांनी लॅपटॉपच्या बटणावर पालथी घातली आणि चिकटपट्टीने चहूबाजूंनी पक्की केली. आता कुणी हातोडा मारला असता तरी बटण दबलं नसतं. मग वहीत वेळ लिहिली आणि कामाला बसल्या. आठव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

अंगुस्तान जागच्या जागी होतं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्या एकट्याच मोठ्याने हसल्या. इस्त्रीच्या खोलीतला म्हातारा दारातून डोकावून गेला. त्यांनी टोपी सोडवली, मशीन उठवलं आणि नोंद पाहिली. पुन्हा तेच, ‘बटण किंवा झाकण.’ बटण तर सुटलं होतं. राहिलं झाकण, आणि झाकण सताड उघडं.

उघडं झाकण मिटलंय असं या शहाण्याला वाटतं तरी कशावरून? फ्रिजच्या दाराशी एक दट्ट्या असतो, दार लागलं की तो दबतो. तसं काही इथे असेल म्हणून मास्तरांनी चष्मा लावून सगळ्या कडा बघितल्या, नखाने चाचपल्या. काही नव्हतं. एखादी बारीक फट असेल म्हणून त्यांनी एक टाचणी घेतली आणि तिच्या टोकाने झाकणाची कड तपासत निघाल्या. वरच्या डाव्या कोपऱ्याशी आल्यावर टाचणी बोटांतून निसटली. पण खाली पडली नाही. टचकन झाकणाला चिकटून बसली.

झाकणाच्या आत लोहचुंबक होतं. झाकण मिटलं की तो कोपरा खाली येतो आणि कळांच्या अलीकडे जी सपाट जागा असते तिच्या डाव्या बाजूला टेकतो. चुंबक जवळ आलं की मशीन समजतं, झाकण मिटलं, आता झोपायचं. मास्तरांनी ती जागा बोटाने शोधली. काम करताना त्यांचं डावं मनगट टेकायचं, बरोबर तीच जागा.

मग त्यांनी मनगटाकडे पाहिलं. तिथे निळ्या कापडाचा पट्टा होता आणि पट्ट्यावर तीसेक टाचण्या, चुंबकाला चिकटून उभ्या. आत्ताची टाचणीही त्यांनी तिथूनच घेतली होती. आधी त्याचे खिसे तपासायचे, बहिणीचं म्हणणं त्यांना आठवलं.

मनगट टेकवलं, मशीन झोपलं. उठवून पट्टा काढून टेकवलं, मशीन जागं. पट्टा घालून पुन्हा, झोपलं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

तो पट्टा नवऱ्याने दिलेला होता. नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. टाचण्या ओठांत धरून काम करायची तेव्हा सगळ्यांचीच रीत होती, आणि मास्तर ओठांत टाचण्या धरून हसायच्याही. ते एकदा त्याने पाहिलं आणि घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने एका मोडक्या छोट्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढून आणलं, मोठ्या बटणाएवढं. “हे मनगटावर शिव. टाचणी गिळून मेलीस तर मला जेवायला कोण बोलावणार?” असं त्याचं प्रेमाचं बोलणं. एकतीस वर्षं झाली. कापड सात वेळा बदललं, चुंबक तेच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि कामाच्या वेळी मनगटाला ते वजन नसलं की मास्तरांना करमत नसे.

आता काय करायचं? पट्टा गुपचूप पिशवीत टाकला असता तर मशीन चाललं असतं, कुणाला काही कळलं नसतं. बावीस मशिनांसमोर ‘मी नाही’ म्हणून ओरडून झालं होतं, आणि मशीन झोपत होतं ते तर त्यांच्याच हाताने. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? पण गप्प बसलं तर थरथरणारी बोटं कायमची त्यांच्या नावावर राहणार होती. पुढच्या वेळी काही बिघडलं की पुन्हा तीच बोटं. आणि नवऱ्याचा पट्टा पिशवीत, चोरीच्या मालासारखा लपवलेला. ते त्यांना काही केल्या पटेना.

शिवाय एक गोष्ट जुळत नव्हती. पट्टा एकतीस वर्षांचा, लॅपटॉप आठ वर्षांचा. मग आठ वर्षं दोघे एकत्र नांदले कसे? मास्तरांनी वही काढली. तिसऱ्याच पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘झाकण मिटल्यावर – काहीही करू नको. (नाहीतर प्लॉटर थांबतो.)’ त्यांना आठवलं. खडूची धूळ कळांत जाऊ नये म्हणून छापताना त्या झाकण मिटायच्या आणि छपाई थांबायची. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः ती सेटिंग केली होती. त्यांनी आता ती जागा उघडून पाहिली. तिथे लिहिलं होतं : ‘झाकण मिटल्यावर – झोप.’ हीच ती सुधारणा. मास्तरांनी सेटिंगला हात लावला नाही. तशीच राहू दिली आणि कॉम्प्युटरवाल्याला फोन केला.

दुपारी तो आला तेव्हा मास्तरांनी मालकीणबाईला केबिनमधून बाहेर बोलावलं आणि टाळ्या वाजवून मशिनंही थांबवली. “मंगळवारी सगळ्यांनी ऐकलंत, आज सगळ्यांनी बघा,” त्या म्हणाल्या. बटणावर पुन्हा अंगुस्तान बसवलं. मनगटावरचा पट्टा सोडला आणि टाचण्यांसकट लॅपटॉपवर मनगटाच्या त्याच जागी ठेवला. दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे.

पडदा काळा झाला.

कॉम्प्युटरवाला वाकला, पट्टा उचलून पाहिला, झाकणाच्या कोपऱ्याला चिकटलेली टाचणी पाहिली आणि कपाळावर हात मारला. “चुंबक! अरे देवा. मी झाकणाचा विचारच केला नाही.”

“नाहीच केलास. तू माझ्या वयाचा केलास.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. या वेळी मास्तरांना ते हसणं आवडलं.

“म्हणजे,” मालकीणबाई सावकाश म्हणाली, “तुमच्याच हाताने होत होतं, मास्तर.”

“होत होतं. माझा पट्टा, माझा हात. परवा ‘मी नाही’ म्हणाले ते चूक होतं, ते मी आज बावीस जणांसमोर मागे घेते. पण बटण मी दाबलं नव्हतं आणि बोटं माझी थरथरत नाहीत. ते आता तुम्ही मागे घ्या.”

कॉम्प्युटरवाल्याने परवाचा कागद मागून घेतला आणि फाडला. मग जरा सावरून म्हणाला, “चला, सोपंच झालं. पट्टा काढून काम करा मास्तर, की झालं.”

“पट्टा निघणार नाही.”

“अहो, पण...”

“तो माझ्याकडे या मशीनच्या आधीपासून आहे, आणि तुझ्या त्या अपडेटच्या तर कितीतरी आधीपासून. अंगाला कपडा होत नसेल तर कपडा उसवतात. अंग कापत नाहीत.”

त्यांनी पट्टा मनगटाला बांधला, अंगुस्तान काढून मशीन उठवलं आणि वही उघडून मालकीणबाईसमोर धरली. तिने तिसरं पान वाचलं. मग पडद्यावर बघितलं, आणि मास्तरांनी तिच्यासमोर ‘झोप’ पुसून जुनी सेटिंग परत लावली. ‘झाकण मिटल्यावर – काहीही करू नको.’ डावं मनगट नेहमीच्या जागी टेकवलं. पडदा जागाच राहिला.

“हे, ‘काही करू नको’,” मास्तर पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे याला सांगायचं असतं, बेबी. मला नाही.”

चारचौघांत ‘बेबी’ म्हटलेलं त्या दोघींच्याही लक्षात आलं. मालकीणबाईचे कान लाल झाले. तिने मान डोलावली. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, बाहेरच्या पॅटर्नवाल्यांना सांगितलं की फाइल पाठवत नाही, उद्याही नाही आणि पुढेही नाही.

“बघत काय बसलात?” मास्तर ओरडल्या. बावीस मशिनं पुन्हा सुरू झाली. त्यांनी मनगटावरची एक टाचणी काढून नव्या कागदाला लावली आणि बाहीवर परत आल्या. दोनशे बारातली एकोणसाठ मापं अजून राहिली होती.